गारढोण रश्श्याची रील

रविवार असून मी वरणभात का खाल्ला म्हणतासा? ऐका मग. गेल्या रविवारी दोस्तानं, दत्तूनं, जेवायला बोलवलं. पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावणार, तेवढ्यात त्याची सून वराडली, "काका, थांबा! रील करायची हाय." तिनं मोबाईल लावला, लाईट लावली, तोवर रश्श्यावर चरबी गोठली की! तसाच प्यालो. तर म्हणती, "भुरका ऐकू आला न्हाई, परत घ्या. आन् हसून म्हणा, असा रस्सा जन्मात प्यालो न्हाई." भुकेनं जीव चाललाय, म्हटलं एकदाचं!

घरी आलो तर बायको मोबाईल घेऊन दारातच उभी. "जन्मात प्याला न्हाईसा? मग इतकी वर्षं मी काय पाजत हुते?"

"अगं, गारढोण हुता त्यो!"

"मग तसं सांगा की समद्यास्नी."

सांगू कसं? दत्तू परत दारात उभा करंल व्हय मला?

आज दुपारी तिनं वरणभात वाढला, ताटासमोर मोबाईल उभा केला आन् म्हणाली, "हं, मारा भुरका. हसून!"