लाल सुतळीची मोळी

सरकारच्या नजरेत सगळे धंदेवाले सारखे, असं साहेब म्हनले, आन् म्या मान हलवली, कारन साहेबांची नजर तवा मोबाईलात हुती.

माझं माहेर खर्ड्याचं, बाप लोहार, लगीन होऊन पाथर्डीत आले ती घण मारायलाच, नवरा ऐरनीवर लोखंड धरायचा आन् मी मारायची, आता नवरा न्हाई, मी धरते आन् सून मारती. काय सांगू तुम्हाला, मानसं ऊसतोडीला निघायच्या आदी आमची भट्टी इझतच न्हाई, जो तो कोयता हातात तोलून बघतो, डावखुऱ्याला धार उलटी लागती, तेवढ्या दिवसांवर आमचं वरीस चालतं.

मग पंचायत समितीनं टूम काढली, तोडकऱ्यांना कोयते फुकट वाटायचे. फुकट मिळाल्यावर माझ्याकडं कोन फिरकंल? म्हनून म्याबी अर्ज केला. दुसरा अर्ज केडगावच्या शेठचा, त्याचे कोयते कारखान्यातले. समितीचे साहेब म्हनले परीक्षा घेऊ, ज्याचा कोयता मोळी आदी उडवंल त्याला काम.

आता आमच्याकडं ऊस कुठला, ऊस असता तर मानसं तोडायला परमुलखात कशाला गेली असती? तर ऊस आनला रसवंतीतनं. रसवंती कुनाची, तर शेठच्या मेव्हन्याची. मी काय संशयी बाई न्हाई, पर मोळ्या दोन रंगांच्या सुतळीनं बांधल्याल्या, आन् मेव्हना आल्या आल्या म्हनला, मावशे, लाल तुमची. लाल मोळी पाचटासकट, मुळ्यांसकट, आन् पांढरी सोलून धुतल्याली. म्या म्हनलं साहेब, मोळ्या बदला की. साहेब म्हनले, मावशी, दोघांना एकेक दिली, आजून समान काय करू? सून म्हनली, आत्याबाई, त्येंच्या मोळीत नुसतं लिंबू पिळायचं ऱ्हायलंय. सगळी हसली, शेठबी हसला. सून पाचट काढीत हुती तवर शेठचा गडी तोडून घाम पुसत हुता. म्या म्हनलं, पाचटाचं कायतरी धरा. साहेब म्हनले, नियमात वेळ हाय, पाचट न्हाई.

गेलं काम. आता लोकं सरकारी कोयता घेत्यात आन् माझ्याकडनं नुसती धार लावून नेत्यात. जाऊ द्या, देव साहेबांना बढती देवो. वाटपाच्या दिवशी पाहुन्यांनी फीत कापायला सरकारी कोयता उचलला, फीत तुटंना, तवा शिपाई पळत येऊन माझ्याकडची कात्री घेऊन गेला. कात्री टेलरची, धार लावायला दिल्याली. ती काय आजून आली न्हाई, टेलर तेवढा रोज येतो.