तिसावं पान

अहो नाही हो भावजी, उंदीर कशाला नेईल! वर्तमानपत्राच्या घडीतलं तुमचं ते नेच्याचं पान मीच घेतलं. काल. महादेवाला वाहिलं. बसा, बसा आधी, चहा सांडेल! आता तुम्ही पुण्याच्या कॉलेजातले झाडापानांचे मास्तर, चार दिवस आमच्या ओटीवर पानं वाळवताय, तुम्हाला काय सांगू? माझा नेम होता. श्रावणभर रोज एक पान, एकदा वाहिली ती जात पुन्हा नाही, आणि असलंच, ज्याला फूल नाही की फळ नाही. निष्काम पान! — आणि मागणं मात्र फळाचंच, मेलं हसूच येतंय मला — तर खंडाळ्याच्या रानात एकोणीस मिळाली. बाशिंगाचा नेचा झाला, हंसराज झाला, मग खुंटलं सगळं. म्हटलं, पुढे औंढ्याच्या माळावर गवतच, तिथे काय असणार? तर दूधवाली सरुबाई म्हणते, "वैनी, रान सरतं ना, त्या ओघळीत बगा, लय हायेत." आणि खरंच! रानातली ती ओल शोधत तिथवर आलेली, माळावरची ती सावली शोधत तिथवर आलेली, एकाच दरडीवर शेजारणींसारखी! एकाची पाठ पांढरी, हातावर दाबलं की मेंदीसारखी नक्षी. दहा मिळाली तिथे. एकोणतीस झाली. आणि काल अमावास्या, पुरण शिजत टाकलेलं, बाहेर पडू कशी? वाळकं तर वाळकं. बेलाला शिळेपण नाही, मग ह्यालाच का असावं?

मागितलं काय? — ते नका विचारू. — अहो, दौंडची बदली टळू दे म्हणून! ह्यांना हेडक्लार्क करून धाडणार होते ना. एकदा गेले होते मी तिकडे, नणंदेकडे, तर विहिरीच्या भिंतीलासुद्धा हिरवं नाही हो, दगड नुसते कोरडे, माझा जीव घुसमटला. आणि आज सकाळी पत्र आलं — दुसऱ्यालाच नेमलं! हे हिरमुसून स्टेशनाकडे गेले, आणि मी स्वैपाकघराचं दार लोटून खांबाशी फुगडी घातली. खांबाशी! बायका नवऱ्याच्या बढतीसाठी उपास करतात, आणि मी — ह्यांना कळलं तर? नाही ना सांगणार? शपथ घ्या.

हे घ्या, गेल्या सालचं पंचांग. उघडा. तेच पान पुन्हा वाहिलं जाऊ नये म्हणून प्रत्येकाचं जुळं ठेवलंय, ज्या तिथीला वाहिलं त्या तिथीच्या पानात. तुमचं मात्र एकच होतं, त्याचा शेंडा खुडून ठेवला, अमावास्येत बघा. का हो, डोळे का पुसताय? ओघळीतली ही दहाच्या दहा तुमच्याकडे नाहीत? एकही नाही? अगंबाई! मग न्या, सगळंच न्या, उद्या सरुबाई ओघळही दाखवील, फक्त ते दौंडचं तेवढं —

जोडे वाजले. पिशवीत घाला, लवकर.

आलात? पाय धुऊन घ्या, पाटावर बसा, वाढतेच. भावजी आत्ता तेच म्हणत होते, बढती हुकली, फार वाईट झालं. हो ना भावजी? — अहो, बोला ना!