ह्यांची सुटलेली सिगारेट

आमच्या ह्यांनी सिगारेट कशी सोडली, ते ऐका. पुण्याच्या भाच्याने हेम्पची सुकी फुलं आणून दिली. म्हणे, झाड गांजाच्याच जातीचं, पण नशा नाही. हाताची आणि तोंडाची सवय तेवढी भागते. झालं! हे रोज ओसरीवर पूजा मांडल्यासारखे बसायचे, फुलं चुरायचे, कागदात वळायचे आणि गल्लीभर वास सोडायचे.

त्यातच लोणारचे पाहुणे लेकीला बघायला आले. मुलाच्या वडिलांनी दारातच नाकाला रुमाल लावला. "काऊन हो भाऊ, घरात गांजा चालते काय?"

"नाही हो, हे हेम्प हाय! सिगरेट सोडाले घेतो."

"गंजेड्याच्या घरी सोयरीक कराले आमचं पोरगं सस्तं नाही," म्हणत ते पुन्हा चपला घालू लागले.

ह्यांना घाम फुटला. घाईघाईने बंडीच्या आतल्या खिशातून सिगारेटचं पाकीट काढून त्यांनी पुढे धरलं. "थांबा पाव्हणे! आईची आन, मी सिगरेटच पेतो!"

पाहुण्यांनी त्यातली एक उचलली आणि आत येऊन बसले. सोयरीक जमली.

हे आजही सगळ्यांना सांगतात, "पोरीसाठी पुन्हा सुरू केली." पाकीट तर त्या दिवशीच अर्धं रिकामं होतं!