क्रांतीबाईंनी संदर्भ हुडकला

…आन् भर उन्हाचं सांगलीस्नं साताऱ्याला यष्टीनं गेलो कशाला, तर एक पुस्तक बगाया! आन् पुस्तक कसलं? जे जगात न्हाईच! हसू नगासा. तुमास्नी सांगते, दोष बाईंचा न्हाई, दोष त्या एका शब्दाचा. संदर्भ! साताऱ्याच्या सरांनी तो शब्द काढला आन् आमच्या क्रांतीबाईंची झोपच उडाली.

क्रांतीबाई म्हंजे आमच्या वाडीच्या शाळंतल्या पयलीच्या बाई. मी चंद्राबाई, त्याच शाळंत खिचडी शिजवते, बारा वर्सं झाली. बाई मनानं लय भल्या, पर हेकट! एकदा न्हाई म्हटलं की सायब येऊ द्या न्हाईतर सायबाचा सायब येऊ द्या… न्हाई म्हंजे न्हाई.

तर झालं काय, पोरांची परीक्षा घ्याया कुठल्याशा संस्थेची माणसं आली. गळ्यात पट्टं, हातात चित्रं. धनगराच्या मायाक्काफुडं एक चित्र धरलं. “बाळ, हे काय आहे?” मायाक्कानं बगितलं, मान वाकडी करून परत बगितलं आन् म्हणली, “पाट.” “नीट बघ बाळ, शेळीचे…?” “पाटच हाय. करडू म्हनावं तर वाढलीया, शेरडी म्हनावं तर अजून याली न्हाई. पाट!” आता सा वर्साच्या पोरीनं ह्याच्याउपर काय सांगावं? चित्र बगून शेरडाचं वय सांगितलं की वं तिनं! पर त्यांच्या कागदावर उत्तर छापल्यालं, ‘शेळीचे पिल्लू’. दिला भोपळा! आन् खाली शेरा, ‘भाषा अविकसित’. बाईंफुडं कागद सरकवला, सही करा म्हणून. बाईंनी पेनाला टोपण लावलं. “मी सही करणार नाही. या पोरीला तुमच्यापेक्षा जास्त शब्द येतात.”

तितनं सुरू झालं बगा सगळं. बाईंनी पीएचडीला नाव आदीच घातल्यालं, आता विषयच बदलला. पोरांच्या घरची बोली आदी वर्गात येऊ द्या, मंग पुस्तकातली भाषा आपसूक येतीया, आसा तो विषय. माझ्या चुलीम्होरं पाट टाकून… बसायचा पाट, शेरडाचा न्हवं!… तर तितं बसून मला एकेक शब्द इचारायच्या आन् वहीत लिवायच्या. तीस पानं झाली. ती घिऊन साताऱ्याला विश्वजीत सरांकडं गेल्या. सर म्हंजे पीएचडी करून घेणारं. वाटंवर कराडजवळ मलकापुरात माझी थोरली भण ऱ्हाती, म्हणून मीबी संगट.

सर माणूस वाईट न्हाई, पर बोलताना मान वर करत न्हाई. एक पान उलटलं, “संदर्भ कुठाय?” दुसरं उलटलं, “हे कोण म्हणतं?”

“मी म्हणते सर. पंधरा वर्षं शिकवतेय.”

“तुम्ही म्हणून चालत नाही. संदर्भ कुठाय?”

मी दारात बसल्याली. मला वाटलं सरांचं कायतरी हरिवलंय, म्हणून मीबी वाकून टेबलाखाली बगितलं!

मंग काय, निघाली आमची वरात. सांगलीच्या एका वाचनालयात गेलो. तितला माणूस म्हणला, “ते पुस्तक बाइंडिंगला गेलंय.” “कधी गेलंय?” “मी नोकरीला लागायच्या आधी!” कुणीतरी सांगितलं, पाचगणीच्या एका बड्या शाळंत लय पुस्तकं हायती. गेलो पाचगणीला. पुस्तकं व्हती की, भिताडभर! पर सगळी इंग्रजी. बाईंनी तासभर वाचून सांगितलं, हे फिनलंड देशातल्या पोरांवर लिवलंय, तितं पोरं बर्फात खेळत्यात. म्हटलं, त्या पोरांस्नी पाट ठावं हाय का? न्हाई ना? मंग चला, यष्टी चुकंल! रातच्याला बाई मोबाइलवर लेख हुडकायच्या, तर चांगला लेख आला की त्याला कुलूप, पैसं भरल्याबिगर उघडंना. आन् म्हयना झाला की साताऱ्याचा फोन हायेच, “संदर्भ कुठाय?”

शेवटी आमचं हेडमास्तर, जिनदत्त गुरुजी, म्हणलं, “अहो बाई, त्या मोबाइललाच विचारा की! आता सगळं तोच सांगतो.” बाईंनी इचारलं. तुमास्नी सांगते, माझ्या त्येलात मव्हरीचा दाणा तडतडायच्या आत त्यानं उत्तर दिलं! पुस्तकाचं नाव, लिवणाऱ्याचं नाव, साल, सांगलीतल्या छापणाऱ्याचा पत्ता, आन् पान एकशेबारा! बाईंनी सरांस्नी धाडलं. सरांचा लगोलग फोन, “हं! आता कसं! याला म्हणतात संदर्भ.”

दुसरी कोन आसती तर पेढं वाटली आसती. पर बाईंच्या मनाला टोचणी लागली. “मावशी, वाचल्याशिवाय मी लिहिलंच कसं?” गेलो त्या पत्त्यावर. तितं गुळाची पेढी! गादीवरचा शेठ म्हणला, “बाई, तीन पिढ्या आम्ही गूळच विकतोय. पुस्तक नाही, ढेप देऊ का?” मंग साताऱ्याला. मगा सांगितलं न्हवं का, भर उन्हाचं, ते हेच. तितल्या गरंथालयात भाऊसो म्हणून म्हातारं गृहस्थ, त्यांनी चार रजिस्टरं चाळली, दोन ठिकाणी फोन केलं, चष्मा काढून पुसला आन् म्हणलं, “बाई, हे पुस्तक नाही आणि हा लेखक अजून जन्मालाच आलेला नाही.” बाईंनी तितंच मोबाइलला दम भरला. तर मोबाइल म्हणतो, ‘क्षमा करा, आपण अगदी बरोबर आहात!’… आन् लगी दुसरं पुस्तक दिलं! आता बोला!

बाईंनी सरांस्नी फोन लावला. सर हळू आवाजात म्हणलं, “राहू द्या हो. समिती कुठं पुस्तक उघडून बघते? या वेळी परत पाठवलं तर नोंदणीच रद्द होईल तुमची. चार वर्षं पाण्यात जातील.” बाईंनी फोन ठेवला. यष्टीत खिडकीशी बसल्या त्या कराड येईस्तवर वहीत डोकं घालून. मला कळंना, रडत्यात का काय. मलकापुराजवळ एकदम माझ्याकडं वळल्या, डोळं कोरडं खडखडीत. “मावशी, सोमवारी समितीपुढं माझ्याबरोबर याल?”

सोमवारी सांगलीत एका खोलीत पीएचडी तपासणारी समिती. तीन माणसं, शेजारी सर. मधी पांढऱ्या केसांच्या त्रिशला मॅडम, सगळ्यात थोरल्या. मी कोपऱ्यात खुर्चीच्या टोकावर. बाई उठल्या आन् पयलं वाक्य काय? “मॅडम, नवव्या पानावरचा संदर्भ खोटा आहे. ते पुस्तक अस्तित्वातच नाही. मी न तपासता लिहिलं, चूक माझी. मी ते खोडते.”

सरांनी रुमाल काढला. कडंच्या सायबानं इचारलंच, “मग तुमच्या म्हणण्याला आता संदर्भ कुठाय?”

आन् मंग बाई आसल्या भडकल्या! “नसलेल्या पुस्तकाला पान नंबर होता म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. आणि ही बाई बारा वर्षं माझ्या मुलांशी त्यांच्या भाषेत बोलते, माझी अर्धी वही हिच्या शब्दांनी भरलीय, तिला पान नंबर नाही म्हणून ती खोटी? हा बसलाय माझा संदर्भ. विचारा काय विचारायचं ते!”

आगं आई! पदर सावरून उठले. त्रिशला मॅडमनी इचारलं, “मावशी, शेळीच्या पिल्लाला तुम्ही काय म्हणता?”

“कंच्या?”

“कंच्या म्हणजे?”

“आवं, ल्हान आसलं तर करडू. मादी वाढाय लागली की पाट. नर ठेवला तर बोकड. आन् मेंढीचं आसलं तर त्ये कोकरू, त्येला करडू म्हटलं तर धनगर हासतोय. तुमी नुस्तं पिल्लू म्हटलं तर मी दावणीला काय बांधू आन् घिऊन काय येऊ?”

मॅडमनी पेन उचलला. लिवाया लागल्या की! “हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“शेरडांनी!”

मॅडम हसल्या, मंग बाईंकडं वळल्या. “खोटा संदर्भ स्वतःहून काढलात, बरं केलंत. पण एका मावशीवर प्रबंध होत नाही. चाळीस बायकांशी बोला. नाव, वय, गाव, तारीख लिहा, आवाज रेकॉर्ड करा. वर्ष देते.” बाईंनी म्हटलं, “पन्नास जणींशी बोलते.” हेकट म्हटलं न्हवं मी?

वर्सभर वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या आमी. जत्तंकडं कानडी मिसळून बोलणाऱ्या बायका, त्यांचं शब्द आनिकच वायलं! मायाक्का आता दुसरीत, पुस्तक घडाघडा वाचती आन् चित्र चुकलं की पुस्तकालाच झापती. त्या कागदावर बाईंनी अजून सही केली न्हाई. दोन नोटिसा आल्या, बाईंनी दोनीला उत्तर धाडलं, “नाही.”

गेल्या म्हयन्यात बाईंचा पयला लेख छापून आला. धावत आल्या चुलीपाशी. “मावशी, संदर्भांत तुमचं नाव आलंय!” हात पुसलं, चष्मा लावला, बोट फिरवत गेले… न्हाईच कुठं चंद्राबाई! बाईंनी दावलं, ‘माने, चं.’ म्हटलं, ह्ये काय? माने म्हंजे आमच्या मालकांचं, हरिबांचं आडनाव, त्यांनी जल्मात शेरडाला चारा घातला न्हाई, ते सगळ्यात फुडं! आन् साठ वर्साची मी, नुस्ती ‘चं’? फुडलं नाव कुठं गेलं?

बाई खाली मान घालून म्हणल्या, “मावशी, पुढचं छापत नाहीत.”