रांजणाचा तळ

सुनेचा ताप उतरला म्हणून मी गल्लीत साखर वाटली. पाच घरं हिंडले, हातात वाटी, अंगावर नवं लुगडं. आन् त्याच घडीला ती पोरगी घरात भिंतीला टेकून मरणाच्या दारात बसली होती. हे आधी लिहून घ्या. मागून सांगाया गेले तर मी त्यात मीठमसाला घालीन, मला तशी खोड हाय.

मी मूळची वालूरच्या अंगाची. बाप लोकाच्या रानात राबायचा, पंधराव्या साली लगीन करून दिलं ते पालमच्या पुढं ह्या गावात. इथं आले तवा सैपाकघराच्या कोपऱ्यात हा रांजण, गळ्यापातूर जमिनीत पुरलेला, आत माणूस बसंल एवढा. नवी नवरी मी, हौस लय, म्हणलं घासून काढावा. सगळा उपसला आन् पाणी अंगणात ओतलं. सासू रानातून आली, रिकामा रांजण बघितला आन् म्हणली, काय गं, बापानं हीर आंदण दिली का तुला? रांजणाचा तळ दिसू द्यायचा नसतो, तळ दिसला की घरातली बरकत जाती. मग दूरच्या हिरीवरून मी एकटीनं दिवस बुडंस्तवर खेपा घातल्या, मान आखडली, पण भरला. त्या दिवसापासून तळ म्हणून बघितला न्हाई. वरून भरायचं, वरून काढायचं. सासू गेली, नळ आला, पण नळाला पाणी आठ दिवसाला, तेबी आलं तर आलं. म्हणून रांजण तसाच राहिला आन् सासूची जागा मी घेतली. सून आली तर पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, तळ दिसू द्यायचा न्हाई. आवाजबी सासूचाच काढला. लय शहाणी होते मी, काय सांगू तुमाला.

सून म्हंजे सीमा, मला आत्या म्हणायची. बोलायला कमी, कामाला वाघीण. ऊस तोडायला नवरा-बायको जोडीनं जातात, पण माझे गुडघे धरले होते म्हणून त्या साली तिला मी मागं ठेवून घेतली. दसरा झाला आन् लेक चुलतभावासंगं कारखान्यावर गेला. घरात मी, सीमा आन् नात चिमी, वर्षाची, अंगावर पिणारी.

गावातली आशाताई दर आठ दिवसाला यायची, घराघरातली पाण्याची भांडी बघायची. म्हणायची, आजी, डेंगूचा डास गटारात न्हाई वाढत, तुमच्या ह्या चांगल्या पाण्यात वाढतो, पायावर पांढरे पट्टे असतात, दिवसा चावतो. मी म्हणलं, दिवसा चावतो, मग रातच्याला काय भजनाला जातो? जमलेल्या शेजारच्या बाया हसल्या आन् मला गोड वाटलं. ती म्हणायची, आठ दिवसाला भांडं रिकामं करा, कडा घासा, अंडी कडेला चिकटून बसतात, वाळली तरी मरत न्हाईत, पाणी लागलं की पुन्हा जिती व्हतात. मी व्हय व्हय म्हणायचे. ती यायची कळलं की हंडे-कळशा घासून अंगणात ओळीनं उपड्या घालायचे, आन् रांजणावर परात झाकून वर सुपात ज्वारी ठेवायचे. ती इचारायची, ह्यात काय? मी म्हणायचे, ज्वारी हाय बाई. ती भिंतीवर खडूनं तारीख लिहून जायची. मग मी हसायचे. सीमा चुलीपुढं खाली मान घालून उभी असायची, ती हसायची न्हाई. मला वाटायचं, हिला गंमत कळत न्हाई.

दिवाळी झाली आन् सीमाला ताप आला. अंग तव्यासारखं. डोळ्याच्या मागं दुखायलंय म्हणायची, हाडं कुणी कुटल्यासारखी व्हायलीत म्हणायची. मी दुकानातली अंगदुखीची गोळी आणून दिली, दोन दिवस. आशाताईला कळलं तशी ती आली, गोळीचा कागद बघितला आन् म्हणली, आजी, डेंगू असला तर ह्या गोळीनं रगत वाहतंय, ही बंद करा. पालमला नेलं, रगत तपासलं, डेंगूच निघाला. डॉक्टरनं साधी तापाची गोळी दिली, म्हणले पाणी, पेज, सरबत पाजत राहा, आन् ताप उतरल्यावर दोन दिवस जास्त जपा, पोट दुखलं, उलट्या झाल्या, कुठून रगत दिसलं तर बसू नका, घेऊन या. मी त्यातलं ऐकलं किती, तर ताप उतरल्यावर, एवढंच. पुढचं कानात शिरलंच न्हाई.

पाचव्या दिवशी सकाळी हात लावून बघते तर अंग गार. मी लुगडं बदललं आन् साखरंची वाटी घेऊन निघाले. पाचवं घर आशाताईचं. तिनं चिमूटभर साखर हातावर घेतली, तोंडात टाकली न्हाई. म्हणली, सीमा काय करायलीय? म्हणलं, बसलीय, पोट दुखतंय म्हणायली, दोनदा ओकली, अशक्तपणा हाय, व्हतंच की. ती चप्पल न घालता पळाली. मी मागं, वाटी धरून, लंगडत.

सीमा भिंतीला टेकून बसली होती. हातपाय बर्फावाणी. चिमी अंगावर चढून दूध शोधायली होती आन् लेकराला धरायचं बळ तिच्या हातात नव्हतं. हिरड्यातून रगत येत होतं, ते ती पदरानं पुसायली होती, मला दिसू नये म्हणून.

सरकारी गाडी आली. गंगाखेडला सलाईन लावलं आन् तसंच पुढं परभणीला धाडलं. चिमी माझ्या मांडीवर रडून रडून निळी पडायली होती आन् माझ्या छातीत तर काय, वाळलेलं रान. आशाताईनं सीमाचं डोकं धरलेलं. परभणीला उतरताना तिनं मूठ उघडली तर माझी साखर, घामानं विरघळून चिकट झालेली.

डॉक्टरीणबाई पोरसवदा होती. म्हणली, आजी, ताप गेला की खरा धोका सुरू व्हतो. रगतातलं पाणी नसांतून झिरपून पोटात उतरायलंय. ह्या रोगाला मारणारं औषध न्हाई, पाणीच मोजून द्यावं लागतंय, कमी न्हाई, जास्त न्हाई. मी जलमभर पाणी मोजत आलेली बाई, आन् तिथं बाटलीतला एकेक थेंब बघत बसले. कुणी म्हणलं पपईच्या पानाचा रस द्या, मी पानं मागवली. डॉक्टरीणबाईनं हातातून काढून घेतली, म्हणली, आधीच ओकायलीय ती, हे पाजून आणखी ओकवू नका. लेकाचा फोन आला. म्हणला, आई, ती हाय ना? मी म्हणलं, हाय, झोपलीय. सीमा झोपली नव्हती, बडबडायली होती, मला वळखत नव्हती. तो निघाला तिथून, यष्टी बदलत बदलत, आन् मी देवाला म्हणायले, तो पोचायच्या आत काही करू नको. मग म्हणलं, माझं पिकलं पान हाय, मला ने, माझे तसेबी गुडघे गेलेत. देवाला कशाला पाहिजेत माझे गुडघे.

दोन दिवस असेच. तिसऱ्या दिवशी दुपारी सीमानं डोळे उघडले आन् म्हणली, चिमी कुठाय? लेक तवा पायऱ्या चढून यायला होता. मी खाली फरशीवर बसले ती मला दोघांनी उठवलं.

आता सात साल झाले. पाणी अजून आठ दिवसालाच येतंय. पण शनिवारी रांजण उपसायचा, कडा काथ्यानं घासायच्या, वाळवायचा, भरून तोंडाला फडकं बांधायचं. जनावराच्या हौदात गप्पी मासे सोडलेत, ते अळ्या खातात. आशाताईसंगं मीबी घरोघर जाते, बॅटरी घेऊन. लोक म्हणतात डासवाली म्हातारी आली. कुणी सुपात ज्वारी ठेवून झाकलं की मला लांबूनच वळखू येतंय, म्हणलं बाई, हा खेळ माझा हाय. तुमच्या घरातबी बघा एकदा. लेकरंबाळं सुखी राहू द्या तुमची.

दवाखान्यातून आलो त्या दिवशी मी गुडघ्यावर बसून रांजण उपसला. तळाला गेले तर हातात काळ्या अळ्या, वळवळ वळवळ. सीमा उंबऱ्यात चिमीला घेऊन बसली होती. मी म्हणलं, बघ गं, हे बघ काय निघालं. ती रागावली न्हाई, रडली न्हाई. जसंच्या तसं सांगते, एक अक्षर माझं न्हाई त्यात. ती म्हणली:

आत्या, मला त्या अळ्या दसऱ्यापासून दिसायल्या होत्या. मीच उपसून टाकला असता. पण मला तुमचं भ्याव वाटलं.