अनवाणी साहेब

जवळ सरका, कीर्तनाइतकी गोड गोष्ट सांगतो. बाहत्तर साली सदर भागातल्या बसथांब्यावर कीर्तनाला निघालेल्या सिंधूताई अंजनाबाईंना विचारत होत्या,

"पोराले क्लबाच्या नोकरीवर रग्बी खेळाले काहून धाडलं वं? हाडं मोडून घेईन."

"मीबी नकार द्यालेच मैदानावर गेली होती. क्लबाचे सेक्रेटरी, भैय्याजी सायब, एकटेच अनवाणी चालून राहिले होते."

"बूट हरवले का?"

"म्हणे, पोरं पडतात तिथला काटा-खडा डोळ्याले दिसत नाही, पायाले समजते."

"माह्या भातातला खडा आमच्या घरधन्याच्या दाताले समजते, तसा."

"हासू नको वं. पायातून रक्त येत होतं."

"मंग?"

"मंग काय, तिथंच पोराच्या भरतीच्या कागदावर अंगठा देल्ला. आज कीर्तनात हात जोडशीन, तं त्या पायांची आठवण ठेवजो."