राणीचा माग

विहिरीवर पाण्याच्या रांगेत थांबलेल्या गवयाच्या पुढे, तो मागे आहे याची कल्पना नसताना, म्हातारी विणकरीण अर्खिप्पे आणि तिची भाची बोलत होत्या.

“मावशी, काल गवयाच्या गाण्यातली राणी ऐकलीस? राजा लढाईत पडल्याची बातमी आली, तरी बसल्या जागी विणतच राहिली!”

“बसून? मेल्याने कधी माग पाहिलाय का? आपला माग उभा, आपण उभ्याने विणतो, दिवसभर या टोकापासून त्या टोकाला चालत.”

“गाण्यात चालतं गं.”

“का म्हणून? या गवयांचे वीर दहा पावलं धावले तरी त्याचं गाणं होतं. तुझे काका बुडाल्याचं कळलं, तेव्हा मी मागासमोर उभी होते. धोटा खाली ठेवला नाही.”

संध्याकाळी मेजवानीत गवयाने सूर लावला, “बातमी आली, तेव्हा राणी मागासमोर उभी होती. तिने धोटा खाली ठेवला नाही.”

दाराआडून म्हातारीचा आवाज आला, “ऐकलंस पोरी? उठली बाई एकदाची!”